जेल नेलपॉलिश काढायचं कसं: नख न सोलता, घाई न करता

‘जेलमुळे नखं पातळ झाली’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. खोलात जाऊन विचारलं की बऱ्याचदा हकिकत वेगळीच निघते. नेलपॉलिश दोन-तीन आठवडे झकास टिकलं, मग एका कोपऱ्यात सुटलं. फोनवर बोलता बोलता हात आपसूक त्या कोपऱ्याकडे गेला, पापुद्रा उचलला, ओढला, आणि त्याच्यासोबत नखाचाही एक पदर निघून आला. लावताना काहीच बिघडलं नव्हतं, जे बिघडलं ते काढताना. सलॉनमध्ये पुढचं गिऱ्हाईक ताटकळलंय म्हणून खरवडून काढलेल्या जेलचंही असंच होतं.

म्हणून पहिला नियम वेळेचा. हाताशी निवांत तासभर नसेल तर त्या दिवशी जेलला हात लावू नका. सुटलेला कोपरा केसांत किंवा कपड्यात अडकत असेल तर नेलकटरनं तेवढा सुटा तुकडा कापा, कडेवर फाइल फिरवून ती गुळगुळीत करा आणि बाकीचं काम सुट्टीच्या दिवसावर टाका. सोललेलं नख भरून यायला सहा महिने लागतात, त्यापुढे दोन दिवस कुरूप दिसणं परवडतं.

नखावर नेमकं काय बसलेलं असतं

साधं नेलपॉलिश वाळतं म्हणजे त्यातलं द्रावक उडून जातं आणि रंगाचा थर मागे उरतो. पुन्हा द्रावक लागलं की तो थर विरघळतो, म्हणून कापूस दोनदा फिरवला की काम होतं. जेल असं वाळत नाही. त्यात अ‍ॅक्रिलेट आणि मेथाक्रिलेट गटातले रेणू असतात. यूव्ही किंवा एलईडी दिव्याखाली हात धरला की प्रकाशामुळे या रेणूंच्या साखळ्या तयार होतात आणि त्या एकमेकींना आडव्या-उभ्या जोडल्या जातात. एकदा जोडणी झाली की ती रिमूव्हरमधलं द्रावक असलेल्या अ‍ॅसिटोनलाही पूर्ण विरघळवता येत नाही. अ‍ॅसिटोन जेलच्या आत हळूहळू शिरतं, जेल फुगतं, मऊ पडतं आणि नखावरची पकड सोडतं. या शिरण्याला वेळ लागतो आणि जोर लावून तो वेळ वाचवता येत नाही.

आता नखाची बाजू. हाताच्या बोटाचं नख साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि केराटिनच्या एकावर एक चिकटलेल्या पातळ पदरांचं बनलेलं असतं. घट्ट बसलेलं जेल ओढलं की ते सर्वांत वरचे पदर घेऊन येतं, कारण जेलची पकड त्या पदरांच्या आपापसातल्या पकडीपेक्षा भारी पडते. नखाचा जो भाग आपल्याला दिसतो तो जिवंत नसतो, त्यामुळे तिथे जखमेसारखं काही भरून येत नाही. मुळातून नवं नख वाढत येईल आणि खराब भाग पुढे सरकून कापला जाईल, एवढाच मार्ग. हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहा महिने. पायाचं नख त्याच्या निम्म्या वेगानं वाढतं, तिथे वर्ष-दीड वर्ष धरा. तेल, सीरम, ‘नख रिपेअर’ची बाटली, कशानंही हा काळ फारसा कमी होत नाही.

आधी ओळखा: हे कुठलं जेल?

ही पायरी गाळली जाते आणि मग ‘अर्धा तास ठेवलं तरी निघत नाही’ म्हणून खरवडणं सुरू होतं.

बाटलीतून ब्रशनं लावलेलं आणि दिव्याखाली पक्कं केलेलं नेहमीचं जेल नेलपॉलिश म्हणजे सोक-ऑफ जेल. ते अ‍ॅसिटोननं निघतं आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. नखाला बळकटी द्यायला लावतात ते बिल्डर जेल जाड असतं. त्यातले काही प्रकार अ‍ॅसिटोननं सुटतात, पण वेळ दुप्पट लागतो, आणि काही सुटतच नाहीत. हार्ड जेल मात्र अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, ते फाइलनं किंवा मशीननं घासूनच उतरवावं लागतं. घरी त्याच्या वाटेला जाऊ नका. अ‍ॅक्रिलिक एक्स्टेन्शन (नखाची लांबी वाढवायला लावलेलं कृत्रिम नख) अ‍ॅसिटोनमध्ये मऊ पडतं, पण अर्धा-पाऊण तास खातं आणि आधी बरंच घासावं लागतं, म्हणून तेही सलॉनमध्येच काढलेलं बरं. डिप पावडर (नख बुडवून लावायची रंगीत भुकटी) इन्स्टंट ग्लूच्या जातीच्या सायनोअ‍ॅक्रिलेटनं चिकटवलेली असते. ती सोक-ऑफ जेलसारखीच, फक्त थोडी जास्त वेळ ठेवून निघते.

बाटलीवर ‘जेल इफेक्ट’ किंवा ‘जेल शाइन’ लिहिलेलं असेल आणि लावताना दिवा वापरलाच नसेल, तर ते चमकदार साधं नेलपॉलिश आहे. नेहमीच्या रिमूव्हरनं पुसा आणि मोकळे व्हा.

सलॉनमध्ये काय लावलं होतं ते आठवत नसेल तर तिथे फोन करून विचारा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. तेही जमत नसेल तर करंगळीवर प्रयोग करा. खाली दिलेल्या पद्धतीनं वीस मिनिटं ठेवूनही जेल जराही सुरकुतलं किंवा मऊ झालं नाही, तर ते हार्ड जेल समजा आणि थांबा.

घरी करू नये अशा वेळा

नखाभोवती सूज, ठणका किंवा पू असेल, म्हणजे नखुरडं झालं असेल, तर अ‍ॅसिटोन लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. बोटांना चिरा, इसब किंवा ताजी जखम असेल तर बरं होईपर्यंत थांबा. मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील तर घासण्याचं काम स्वतः करू नये.

जेलच्या कडेनं आत हिरवट डाग दिसला तर तो बहुधा स्यूडोमोनास या जीवाणूचा असतो. जेल एका बाजूनं सुटलं की त्या फटीत पाणी साचतं आणि ओलाव्यात हा जीवाणू वाढतो. अशा वेळी जेल उतरवायचं, नख कोरडं आणि उघडं ठेवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. डाग झाकायला वरून नवा रंग लावणं हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय.

एक वेगळी वेळही सांगून ठेवते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर जेलचं काय करायचं ते रुग्णालयात आधीच विचारा. रक्तातला ऑक्सिजन मोजायचं क्लिपसारखं यंत्र नखातून प्रकाश पाठवून काम करतं, आणि रंगाच्या जाड थरामुळे त्याच्या आकड्यात फरक पडू शकतो. शस्त्रक्रियेच्या सकाळी धावपळीत जेल ओरबाडण्यापेक्षा दोन दिवस आधी शांतपणे काढलेलं केव्हाही चांगलं.

काय काय लागेल

शुद्ध अ‍ॅसिटोन. रिमूव्हरच्या बाटलीवर ‘अ‍ॅसिटोन-फ्री’ लिहिलं असेल तर ते साध्या नेलपॉलिशसाठी ठीक, इथे निरुपयोगी. पाणी आणि तेल मिसळलेला अ‍ॅसिटोनचा रिमूव्हर चालतो, पण रेंगाळतो, आणि रेंगाळला की माणूस खरवडायला लागतो.

१८० ग्रिटची नेल फाइल आणि २४० ग्रिटचा किंवा त्याहून मऊ बफर घ्या. ग्रिटचा आकडा लहान तितकी फाइल खरखरीत. १०० ची फाइल एक्स्टेन्शनसाठी असते, नख जवळ असताना ती नकोच. याशिवाय कापसाचे चपटे पॅड, ॲल्युमिनियम फॉइल, व्हॅसलीन किंवा कुठलीही पेट्रोलियम जेली, लाकडी ऑरेंज स्टिक, नखांचं तेल, हँडक्रीम आणि एक जुना टॉवेल. अ‍ॅसिटोन काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत ओता. पुष्कळशा प्लास्टिकला ते खातं. पॉलिश केलेल्या टेबलावरचा एक थेंबही पांढरा डाग सोडून जातो, म्हणून खाली टॉवेलची दुहेरी घडी अंथरा. मोबाइलचं कव्हर, चष्म्याची फ्रेम, कीबोर्ड लांब ठेवा.

पॅड नखाच्या मापाचे कापून ठेवा, एका पॅडचे चार तुकडे होतात. पूर्ण कापूस गुंडाळला की अर्धं बोट अ‍ॅसिटोनमध्ये भिजतं आणि त्वचा विनाकारण कोरडी पडते. फॉइलचे बोटाला दोनदा गुंडाळता येतील एवढे दहा चौकोन आधीच फाडून ठेवा. ओल्या हातानं फॉइल फाडणं हा वैताग आहे. आणि हो, फॉइलची चकचकीत बाजू आत की बाहेर यानं काही फरक पडत नाही. फॉइलचं काम अ‍ॅसिटोन उडू न देणं आणि बोटाची ऊब धरून ठेवणं एवढंच.

आगीचा धोका

नखांच्या नादात हा विसरला जातो. अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळतं, पण त्याची वाफ त्याच्या कितीतरी आधी, अगदी शून्याखालच्या तापमानातही, पेट घेण्याइतकी तयार होते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर जाऊन विरत नाही, टेबलावरून आणि जमिनीलगत पसरत जाते. म्हणून स्वयंपाकघरात पेटत्या गॅसजवळ, मेणबत्तीजवळ, हीटरसमोर हे काम करायचं नाही, आणि फॉइल बांधलेल्या हातानं सिगारेट तर मुळीच नाही. खिडकी उघडी ठेवा. वाटीत लागेल तेवढंच ओता आणि बाटलीचं झाकण लगेच लावा.

गरम अ‍ॅसिटोन लवकर काम करतं हे खरं आहे. म्हणून काही जण ते मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसवर गरम करतात. हे कधीही करू नका. ऊब हवी असेल तर फॉइल बांधलेल्या हाताभोवती कोमट टॉवेल गुंडाळा. तेवढी पुरते.

आता प्रत्यक्ष काम

हात साबणानं धुवा, कोरडे करा आणि वाढलेली नखं कापून टाका. जेवढी लांबी कमी, तेवढं भिजवायचं कमी.

मग टॉपकोट फोडायचा. सगळ्यात वरचा चमकदार थर मुद्दाम टणक केलेला असतो आणि अ‍ॅसिटोन त्यातून सहजी आत जात नाही. १८० ची फाइल नखावर सपाट धरा आणि हलक्या हातानं फिरवा. दाब देऊ नका, फाइलच्या वजनावर काम होऊ द्या. पडणाऱ्या भुकटीकडे बघत राहा. आधी ती पांढरट येते, तो टॉपकोट. मग भुकटीला नेलपॉलिशचा रंग चढतो. नखभर सगळीकडे चमक गेली, पृष्ठभाग मॅट झाला आणि भुकटी रंगीत आली की थांबा. कडा आणि मुळाजवळची बारीक पट्टी हमखास राहून जाते, तिथे एकदा फाइल फिरवा. रंगाखालून तुमचं स्वतःचं नख डोकावू लागलं तर तुम्ही पुढे गेला आहात, फाइल खाली ठेवा. ही भुकटी नाकात आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका. मास्क लावा आणि मधून मधून ओल्या कापडानं पुसून घ्या.

पेट्रोलियम जेली नखाभोवतीच्या त्वचेवर, पेरापर्यंत जाडसर लावा, नखाच्या टोकाखालीही थोडी. ती अ‍ॅसिटोनला त्वचेपासून अडवते. पण हाच गुण नखावर आडवा येतो. बोट घसरून नखाला जेली लागली तर तिथे अ‍ॅसिटोन पोचणार नाही, म्हणून टिश्यूनं नख पुसून घ्या.

कापसाचा तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, ओला राहील पण ठिबकणार नाही इतका पिळा, नखावर बसवा आणि फॉइल घट्ट गुंडाळून टोक दुमडा. फॉइल सैल असेल तर कापूस पाच मिनिटांत कोरडा होतो आणि मग कितीही वाट बघा, काही होत नाही. काम फसण्याचं घरगुती कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दोन्ही हात एकदम बांधू नका. दहाही बोटं फॉइलमध्ये असली की दाराची बेल वाजते, हा अलिखित नियम आहे. एक हात पूर्ण करा, मग दुसरा.

आता १० ते १५ मिनिटं हात टॉवेलवर ठेवून बसा. गडद रंग आणि दोन-तीन थर असतील तर १५, ग्लिटर असेल तर २०. ग्लिटरचे कण अ‍ॅसिटोनची वाट अडवतात, म्हणून ते सगळ्यात हट्टी. मधेच फॉइल उघडून बघू नका, उघडलं की ऊब आणि अ‍ॅसिटोन दोन्ही निघून जातं. हलकी गार झिणझिण जाणवणं ठीक. आग होऊ लागली तर त्या बोटाची फॉइल लगेच काढा आणि हात धुवा.

वेळ झाली की एकाच बोटाची फॉइल उघडा. कापूस नखावर किंचित दाबून टोकाच्या दिशेनं ओढत काढा, बरंचसं जेल त्याच्यासोबत येतं. उरलेल्याकडे नीट बघा. तयार झालेलं जेल सुरकुतलेलं, भेगाळलेलं आणि कडेनं उचललेलं दिसतं, तापलेल्या दुधावरची साय बोटानं सरकवावी तसं ते सरकतं. ऑरेंज स्टिकचं चपटं टोक नखाला जवळजवळ समांतर धरा आणि मुळाकडून टोकाकडे ढकला. ते ढकलणंच राहू द्या. स्टिक उभी धरून कोरलं की नखावर चरे पडतात. धातूचा पुशर (नखाच्या मुळाशी असलेली कड मागे सारायचं हत्यार) हात सरावलेला असेल तरच घ्या.

जे हलत नाही ते अजून तयार नाही. नवा ओला कापूस, पुन्हा फॉइल, आणखी पाच मिनिटं. कुठल्याही बोटाला हे दोनदा करावं लागलं तरी बिघडत नाही. एक बोट पूर्ण झाल्यावरच पुढची फॉइल उघडा. पाचही एकदम उघडली तर शेवटच्या बोटापर्यंत पोचेतो तिथलं जेल पुन्हा कडक झालेलं असतं.

शेवटी बेसकोटचा, म्हणजे नखाला लागून असलेल्या सगळ्यात खालच्या थराचा, पारदर्शक, किंचित चिकट पापुद्रा ठिकठिकाणी उरतो. तो बोटाला लागतो, डोळ्याला धड दिसत नाही. इथेच लोकांचा धीर सुटतो. मऊ बफर दोन-चारदा हलकेच फिरवला की तो निघतो. एवढ्यानं गेला नाही तर दोन मिनिटं परत भिजवा. बफर फिरवताना नख गरम लागलं तर ताबडतोब थांबा, कारण मग घासलं जातंय ते नखच.

हात साबणानं धुवा, पुसा, नखांच्या मुळाशी तेल चोळा आणि वरून हँडक्रीम लावा.

बोटं थेट वाटीत बुडवून ठेवण्याची पद्धतही चालते, पण मला ती पटत नाही. नखाएवढ्या कामासाठी पाचही बोटांची त्वचा भिजते आणि उघड्या वाटीतून वाफ सतत नाकात जाते. फॉइलचा खटाटोप परवडला.

बाजारात जेल तीन मिनिटांत फुगवून उतरवणारे ‘मॅजिक’ रिमूव्हरही मिळतात. ज्याच्यावर घटकांची यादी नाही ते घेऊच नका. यादी असली तरी ते त्वचेला लागू न देता, फक्त नखावर, सांगितलेल्या वेळेपुरतंच लावायचं. चुरचुर करणारं रसायन नखाभोवती पसरवून वाचवलेली दहा मिनिटं महागात पडू शकतात.

भिजलेला कापूस गुंडाळून थेट कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका. तो उघड्यावर, आगीपासून दूर सुकू द्या आणि मग टाका. वाटीत उरलेलं अ‍ॅसिटोन सिंकमध्ये ओतू नये, पीव्हीसीच्या पाइपला ते मऊ करतं. मुलांच्या हाती बाटली लागणार नाही हे वेगळं सांगायला नको.

सलॉनमध्ये काढत असाल तर

एक्स्टेन्शन, हार्ड जेल किंवा कशाचे थर आहेत हेच माहीत नाही, अशा वेळी सलॉन बरं. चांगला नेल आर्टिस्ट हे काम तुमच्यापेक्षा सफाईनं करतो. पण सलॉन म्हणजे आपोआप सुरक्षित असं नाही, आणि खुर्चीत बसलेल्या माणसालाही काही गोष्टी बघता येतात.

वेळ ठरवतानाच ‘जुनं जेल काढायचं आहे’ असं सांगा, म्हणजे त्यासाठी वेगळा वेळ राखला जाईल. फक्त नवं जेल लावायची वेळ घेऊन गेलात तर काढण्याचं काम घाईत उरकलं जातं. काम सुरू होण्याआधी विचारा: भिजवून काढणार की मशीननं? हत्यारं कशी निर्जंतुक करता? फाइल नवी आहे का? धातूची हत्यारं धुऊन, जंतुनाशकात ठेवून किंवा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक) करून पुन्हा वापरता येतात. कागदी फाइल आणि स्पंजचा बफर मात्र सच्छिद्र असतात, ते नीट निर्जंतुक होत नाहीत, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे हवेत. या प्रश्नांवर कपाळाला आठ्या पडल्या तर तेच तुमचं उत्तर समजा.

मशीनला, म्हणजे ई-फाइलला, घाबरायचं कारण नाही. तयार हातात ती झटपट आणि सुरक्षित चालते. अनुभवी आर्टिस्ट मशीननं रंग उतरवतात आणि बेसचा एक पातळ थर मुद्दाम नखावर ठेवून त्यावरच नवं जेल लावतात. त्यामुळे मशीन नखाला लागतच नाही. पुन्हा जेल लावायचंच असेल तर ही पद्धत मला सर्वांत पटते. मात्र बिट, म्हणजे मशीनचं फिरतं टोक, एकाच जागी थांबून राहिलं, तिरकं धरलं किंवा दाबलं, तर क्षणात नख तापतं. तो चटका सोसायचा नसतो, हात मागे घ्यायचा असतो. मुळापाशी चंद्रकोरीसारखी लाल, हुळहुळी रेघ उठली तर नख तिथे जिव्हाळीच्या दिशेनं खूप खाली घासलं गेलंय असं समजा. ती रेघ नखासोबत पुढे सरकत जाते आणि जाईपर्यंत त्या जागी नख मोडू शकतं.

पुशरनं कडेखाली टोक घालून जेल उचकटायला सुरुवात झाली तर स्पष्ट सांगा: ‘थांबा, अजून थोडा वेळ भिजू द्या.’ पैसे तुम्ही देताय आणि नखं तुमची आहेत. क्युटिकल कापू नका, हेही त्याच वेळी सांगून टाका. ती कड नखाच्या मुळाशी जंतूंना आत जाऊ न देणारी सील असते, मऊ करून हलकेच मागे सारली की पुरे.

नंतरचे दिवस

जेल निघाल्यावर नखं पांढरट, खडबडीत दिसली की काळजात धस्स होतं. आधी तेल लावा आणि दहा मिनिटांनी बघा. पांढरेपणा नाहीसा झाला तर तो नुसता कोरडेपणा होता, अ‍ॅसिटोन नखातला ओलावा आणि तेल दोन्ही ओढून घेतं. तेल लावूनही पांढरे, खरखरीत ठिपके तसेच राहिले आणि त्यावर बोट फिरवल्यावर पापुद्र्याची कड लागली, तर वरचे पदर निघालेले आहेत. ते नखासोबत वाढून जाईपर्यंत सांभाळायचे. घासून सपाट करायला जाऊ नका, आधीच पातळ झालेलं नख आणखी पातळ होतं.

नखं आखूड ठेवा, कारण लांब नख अडकतं आणि पातळ जागी दुमडून फाटतं. रोज रात्री आणि प्रत्येक वेळी हात धुतल्यावर तेल किंवा क्रीम लावा. भांडी, कपडे, साफसफाई करताना हातमोजे घाला. पुन्हा पुन्हा भिजून वाळणं पातळ नखाला सोसत नाही. फॉर्माल्डिहाइड असलेले नेल हार्डनर टाळा, त्यांनी नख सुरुवातीला कडक वाटतं आणि मग ठिसूळ होऊन मोडतं.

बायोटिनच्या गोळ्या सर्रास सुचवल्या जातात. शरीरात त्याची कमतरता नसेल तर सोललेल्या नखाला त्यांचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. उलट बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. गोळ्या घेत असाल तर रक्ततपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगा.

नखं धडधाकट असतील तर लगेच नवं जेल लावायला हरकत नाही. नखांना श्वास घ्यायला सुट्टी हवी, हा समज चुकीचा आहे. नखाला हवेतून काही मिळत नाही, त्याचं पोषण रक्तातून मुळाशी होतं. पण नख खरखरीत, दुखरं, खालून सुटलेलं किंवा पातळ असेल तर थांबा. तिथे जेल नीट धरत नाही, लवकर सुटतं, आणि पुन्हा सोलायचा मोह होतो.

खाज आणि अ‍ॅलर्जी

जेलमधल्या मेथाक्रिलेटची, विशेषतः हेमा या घटकाची, अ‍ॅलर्जी होऊ शकते. दिव्याखाली अर्धवट पक्कं झालेलं जेल त्वचेला लागणं, आणि ते घासताना उडणारी भुकटी, ही तिची ठरलेली कारणं. नखाभोवती खाज, लाली, बारीक पाण्याचे फोड, बोटांच्या टोकांची सालं निघणं ही लक्षणं. कधी कधी पुरळ पापण्यांवर किंवा मानेवर उठतं, कारण आपण तेच हात दिवसभर चेहऱ्याला लावत असतो, आणि त्यामुळे जेलवर संशयही जात नाही. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की सहसा कायमची राहते. दातात भरायच्या काही सिमेंटमध्ये याच गटातली रसायनं असतात, म्हणून दंतवैद्यालाही ती सांगायला हवी.

१ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघानं टीपीओ हा, दिव्याखाली जेल पक्कं व्हायला मदत करणारा घटक सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी घातली. ही बातमी वाचून हातावरचं जेल घाबरून ओरबाडू नका. नवी बाटली घेताना यादी बघा आणि आहे ते वरच्याच पद्धतीनं काढा.

खाज-पुरळ उठलं तर जेल शक्य तितक्या कमी घासून, मुख्यतः भिजवून उतरवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर घरचं जेल किटही बाजूला ठेवा. नख खालच्या त्वचेपासून सुटत चाललंय, ठणकतंय, रंग बदलतोय, किंवा दोन-तीन महिने वाढूनही मुळाकडून नवं नख सरळ येत नाहीये, तेव्हाही तेच करा. जाताना जेलच्या बाटलीचा आणि मागच्या घटकांच्या यादीचा फोटो सोबत न्या, पॅच टेस्ट (त्वचेवर घटक लावून करायची अॅलर्जीची चाचणी) कशाकशाची करायची ते त्यावरून ठरवता येतं.